बागेलाही बांधासारखी निगा हवी

१६ मे २०२१ रोजी, रविवारी, तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकले, त्या दिवशी आमच्या वाड्याजवळच्या सार्वजनिक उद्यानातला गुलमोहर आडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पाहायला गेलो, तेव्हा माझी नजर फांद्यांवरून मुळांकडे गेली आणि तिथेच खिळून राहिली. एवढा मोठा बुंधा उपटला गेला होता, पण खाली पडलेला खड्डा जेमतेम गुडघाभर खोल होता. मुळांचा पसारा परातीसारखा चपटा होता आणि रस्त्याकडच्या अंगाला तर मुळे जवळपास नव्हतीच. तिथे काही वर्षांपूर्वी केबल टाकण्यासाठी चर खणला गेला होता, आणि करवतीने कापावीत तशी जाडजूड मुळे एका सरळ रेषेत संपलेली दिसत होती. त्यांच्या टोकांचे लाकूड काळे पडून इतके भुसभुशीत झाले होते की बोटाने दाबताच त्याचा चुरा होत होता. झाड पडण्याचे कारण म्हणून पुढे नोंद झाली ती वादळाची. चराचा उल्लेख कुठेच आला नाही.

बदलत्या हवामानात गोव्यातील उद्यानांचे आणि हिरव्या जागांचे काय करायचे, याकडे आपण आजवर झाडे लावण्याचा प्रश्न म्हणून पाहत आलो आहोत. पावसाळा सुरू झाला की रोपे वाटली जातात, खड्डे खणले जातात, छायाचित्रे निघतात, आणि पुढच्या पावसाळ्यात बहुतेक वेळा त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली जातात. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न मुख्यतः निगेचा आहे, म्हणजे ठरलेल्या माणसाने ठरलेल्या वेळी वर्षानुवर्षे न चुकता करायच्या कामाचा आहे. आणि अशी निगा सामुदायिकपणे कशी राखायची हे गोव्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही, कारण खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या भातशेतीचे, बांध राखणाऱ्या आपल्या गावकऱ्यांनी ते काम शतकानुशतके केले आहे.

या विषयावर बोलू लागले की पहिले उत्तर ठरलेले असते : गोवा हिरवाच आहे, इथे उद्यानांची चिंता कशाला? भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यात सुमारे २,२४४ चौरस किलोमीटर वनाच्छादन आहे, म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या ६० टक्क्यांहून थोडे अधिक. आकडा खरा आहे. मात्र तो कसा मोजला जातो तेही पाहायला हवे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांचे छत्र दहा टक्क्यांपेक्षा जास्त दिसले की ती जागा वनाच्छादनात मोजली जाते, मग ती सरकारी राखीव जंगल असो, कोणाची काजूबाग असो, वा माडांचे भाट असो. शिवाय घनदाट जंगल आहे ते सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या पूर्वेकडच्या घाटालगतच्या तालुक्यांत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यातील सुमारे ६२ टक्के लोकसंख्या मात्र शहरी भागांत राहते आणि ती मुख्यतः पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा यांच्या परिसरात दाटलेली आहे. सांग्यातल्या किंदळाची सावली मडगावच्या बाजारात भाजी विकायला बसलेल्या बाईच्या डोक्यावर पडत नाही. तिला हवी आहे ती तिच्या पाटीपासून पन्नास पावलांवरची सावली, आणि ती राज्याच्या टक्केवारीत कुठेच मोजलेली नाही.

ही सावली आता सोयीपुरती राहिलेली नाही. मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यामुळे गोव्यातील शाळा दुपारी बारापर्यंत सोडण्याचा आदेश निघाला होता. त्याच आठवड्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरातील डोंगरांवर वणवे पेटले आणि ते विझवण्यासाठी नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकले. किनारपट्टीच्या भागात तापमान ३७ अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वाढले तर हवामान खाते उष्णतेची लाट आल्याचे मानते. मैदानी प्रदेशासाठी हीच मर्यादा ४० अंशांची आहे. हा फरक ठेवण्यामागे दमटपणा आहे. हवेत बाष्प भरलेले असले की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. म्हणून नागपूरच्या माणसाला सोसवणारे ३७ अंश आपल्याला सोसवत नाहीत.

या दमटपणाचा उद्यानांच्या आखणीशी थेट संबंध आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी विचारात घेत नाही. झाड पानांतून पाणी बाहेर टाकून हवा थंड करते हे खरे, परंतु मुळातच ओल्या असलेल्या हवेत या परिणामाला मर्यादा पडते. गोव्यात झाडाचा मोठा उपकार होतो तो उन्हाची तिरीप अडवण्यात आणि खालची जमीन तापू न देण्यात. आणि त्याच्या जोडीला लागतो तो वारा. दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा हे किनाऱ्यावरच्या माणसाला निसर्गाने दिलेले वरदान आहे. त्यामुळे आपल्या उद्यानांत उंच आणि रुंद छत्राची झाडे हवीत, त्यांच्या खालची जागा मोकळी हवी, आणि वाऱ्याच्या वाटेवर भिंती किंवा दाट कुंपणे नसावीत. प्रत्यक्षात आपण नेमके उलटे करतो. कमरेइतकी कातरलेली कुंपणे, शोभेचे ठेंगणे पाम, मधोमध हिरवळ आणि भोवती काँक्रीटचा चालण्याचा पट्टा, असा साचा ठरून गेला आहे. एप्रिलमधल्या दुपारी दोन वाजता अशा उद्यानात जाऊन पाहावे. घसरगुंडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही, बाकांवर कोणी नसते, आणि जी चार माणसे आलेली असतात ती कुंपणालगतच्या एकुलत्या एका जुन्या झाडाखाली दाटीवाटीने उभी असतात. नवे उद्यान कोणासाठी केले आणि कसे केले, याचा निवाडा त्या गर्दीने केव्हाच केलेला असतो.

हिरवळीविषयी थोडे स्पष्ट लिहायला हवे, कारण ती अनेकांना प्रिय आहे. ऑक्टोबरपासून मे संपेपर्यंत गोव्यात फारसा पाऊस नसतो, आणि हिरवळीला पाणी लागते ते नेमके याच काळात. पणजीच्या नळाला येणारे पाणी ओप्याच्या प्रकल्पातून, खांडेपार नदीतून येते, आणि ते शुद्ध करून इतक्या दूर आणण्यात जनतेचा पैसा खर्च होतो. अशा पाण्याने भर दुपारी गवत भिजवले जात असेल तर तो अपव्यय आहे, मग ते गवत कितीही देखणे असो. मुलांना खेळायला गवताचा एखादा तुकडा जरूर असावा; बाकीच्या जागेवर झाडांची सावली आणि पानांचा पाचोळा पुरेसा आहे. जे पाणी द्यावेच लागते त्यासाठी शुद्ध केलेले सांडपाणी वापरता येईल. पणजीत टोंक येथे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहे, इतरत्रही असे प्रकल्प उभे राहिले आहेत, आणि त्यांच्यातून बाहेर पडणारे पाणी उद्यानांपर्यंत नेणे हे काही अवघड शास्त्र नाही.

पावसाळ्यात प्रश्नाचे रूप उलटे होते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, त्यामुळे आता जो पाऊस येतो तो थोड्या तासांत अधिक जोराने कोसळण्याची शक्यता वाढलेली आहे. अशा वेळी शहरातील प्रत्येक उघडी जमीन पाण्याला मुरायला जागा देते, निदान त्याचा वेग तरी मोडते. पण जमीन उघडी राहिलेली असेल तर! उद्यानाचे ‘सुशोभीकरण’ हाती घेतले की पहिल्यांदा जी वस्तू येते ती म्हणजे पेव्हर ब्लॉक. झाडाच्या बुंध्यापर्यंत, अगदी सालीला टेकेल इतक्या जवळ, हे ठोकळे बसवले जातात. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते, आणि बहुतेक झाडांची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या हात-दोन हातांच्या थरातच असतात, ही गोष्ट कोणत्याही जुन्या बागायतदाराला ठाऊक आहे. आमच्या उद्यानात पूर्वी काम करणारे एक माळी म्हणत की कुळागरात, म्हणजे घरच्या सुपारीच्या बागेत, पोफळीच्या बुडाशी कोणी सिमेंट ओतले तर घरचे वडीलधारे त्याला वाड्याबाहेर काढतील, आणि इथे मात्र त्याचेच बिल मंजूर होते. ते कुळागरात वाढलेले होते. पाचोळा जाळू नये, तो बुडाशी पसरावा, म्हणजे ओल टिकते, एवढे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. पण पाचोळा दिसला की ‘अस्वच्छता’ म्हणून त्यांनाच बोल लागत असे.

पाणी मुरण्याचा हा व्यवहार किती जुना आहे हे पणजीतल्या एका वस्तीच्या नावातच दिसते. फोंताईन्हास या शब्दाचा अर्थ लहान झरे. या वस्तीच्या माथ्यावरची आल्तिनोची टेकडी जांभ्याची आहे, आणि जांभा सच्छिद्र असतो. वरच्या झाडोऱ्यात पडलेले पाणी त्यात मुरते आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. त्या टेकडीवरची झाडी म्हणजे पायथ्याच्या वस्तीचे पाणलोट क्षेत्र आहे. उद्यान म्हणून तिची कुठे नोंद असो वा नसो, तिथे एक झाड कमी होऊन त्या जागी फरसबंदी आली की खालच्या नाल्यातले पाणी वाढते आणि झऱ्यातले कमी होते. आपले सडे, म्हणजे जांभ्याची पठारे, हेही असेच आहेत. उन्हाळ्यात उजाड दिसतात म्हणून त्यांना पडीक समजणे ही मोठी चूक आहे.

कोणती झाडे लावावीत, यावर वाद खूप होतात. माझ्या मते तो प्रश्न त्या मानाने सोपा आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला उंडी, भेंड आणि करंज टिकतात. सावलीसाठी बकुळ आहे, जिला आपण ओंवळ म्हणतो. जांभूळ आहे, कुसुंब आहे, आणि जागा मोठी असेल तर वड आहे. फक्त देशी झाडेच हवीत असा हट्ट मी धरणार नाही, कारण कांपालच्या रस्त्यावरचे वर्षावृक्ष मूळचे दक्षिण अमेरिकेतले असूनही पणजीकरांना पिढ्यान्‌पिढ्या सावली देत आले आहेत. मात्र भराभर वाढते एवढ्या एकाच कारणासाठी झाड निवडले की काय होते, ते एका काळी सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाने आपल्याला दाखवले आहे. त्याच्याखाली दुसरे काही फारसे उगवत नाही आणि वादळात ते सहज मोडते.

वादळ म्हटले की एक गंभीर आक्षेप समोर येतो आणि त्याला बगल देता येणार नाही. झाडे पडतात, माणसे जखमी होतात, कधी दगावतात, घरांची छपरे फुटतात, दिवसेंदिवस वीज नसते. तेव्हा वस्तीजवळची मोठी झाडे काढून टाकणेच शहाणपणाचे नाही का? ज्याच्या घरावर झाड पडले आहे त्याने हे विचारले तर त्याचा राग समजून घ्यायला हवा. अरबी समुद्रातील चक्रीवादळे अलीकडच्या दशकांत वाढली आहेत आणि ही भीती पुढे कमी होणार नाही. परंतु मी पाहिलेला गुलमोहर मोठा होता म्हणून पडला नाही. त्याची एका बाजूची मुळे कापलेली होती आणि ती कुजताना कोणी पाहिली नव्हती, म्हणून तो पडला. विजेच्या वाहिन्यांखालच्या झाडांची एकाच बाजूने केलेली छाटणी हाही असाच प्रकार आहे : सारा भार एका अंगाला जातो, छाटलेल्या जागी बुरशी शिरते, आणि मग तेच झाड ‘धोकादायक’ ठरते. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायचे तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि हा कायदा आपण जपलाच पाहिजे. २०१६ साली माडाला झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आले तेव्हा गोव्यातील लोकांनी केलेला विरोध आणि पुढच्याच वर्षी माडाला परत मिळालेले संरक्षण आपल्या लक्षात आहे. पण परवानगीचा अर्ज येतो तो झाड तोडण्यासाठी. चर खणण्यासाठी कोणी वृक्ष अधिकाऱ्याचे दार ठोठावत नाही. झाडाचे छत्र जिथवर पसरते तिथवर यंत्राने खोदकाम करू नये, करायचेच तर हाताने आणि मुळे वाचवून करावे, एवढा एक नियम कसोशीने पाळला तर कित्येक झाडे वादळात उभी राहतील.

आता बांधांकडे येतो. मांडवी आणि झुआरीच्या काठांवर खाजन जमिनी आहेत. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून चिकणमाती, पेंढा आणि जांभ्याचे दगड यांचे बांध घातलेले आहेत, आणि जागोजागी मानशी आहेत. मानशीच्या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडतात. समुद्राच्या पातळीखालच्या जमिनीत भात पिकवण्याची ही विद्या पोर्तुगीज येण्याच्या आधीची आहे. १५२६ मध्ये त्यांनी गावांच्या चालीरीतींची सनद लिहून काढली तेव्हा गावकरी संस्था आधीपासून उभ्या होत्या. मला इथे महत्त्वाची वाटते ती बांधण्याच्या कौशल्यापेक्षा राखण्याची रीत. बांध फुटतो तो एकदम फुटत नाही. खेकड्याने पाडलेले बीळ, उंदराने पोखरलेला कोपरा, एखाद्या ठिकाणी खचलेली माती, तिथून पाणी झिरपू लागते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथेच खिंडार पडते. म्हणून बांधावर नजर ठेवायला माणूस नेमलेला असे, बीळ दिसले की ते त्याच दिवशी बुजवायचे असे, पावसाळ्याआधी डागडुजी ठरलेली असे, आणि त्याचा खर्च गावकरी संस्थेच्या जमाखर्चात आधीच धरलेला असे. खिंडार पडल्यावर निविदा काढायची पद्धत तिथे चालली नसती, कारण तोवर शेत दोन-तीन वर्षांसाठी खारे होऊन बसते.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या कामाची आहे. मानशीच्या तोंडाशी सापडणाऱ्या मासळीचा लिलाव होत असे आणि त्या उत्पन्नाचा उपयोग बांधाच्या निगेला होई. ही व्यवस्था चांगली होती, जोवर शेत मुख्य होते आणि मासळी दुय्यम होती तोवर. १९६४ च्या कुळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी हळूहळू कूळ संघटनांकडे आली; काही ठिकाणी त्यांनी ती नेटाने निभावली, तर काही ठिकाणी लिलावाची रक्कम हाच मुख्य हेतू होऊन बसला, झडपा मासळीसाठी हव्या तेव्हा उघडल्या जाऊ लागल्या आणि शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. आपल्या उद्यानांत मला आज तीच वाट दिसते. उद्यान भाड्याने देऊन त्यातून देखभालीचा खर्च काढावा, ही कल्पना वरवर रास्त वाटते. पण महोत्सवांचे मांडव, मालवाहू गाड्यांची चाके, झाडांना ठोकलेले खिळे, फांद्यांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा आणि शेकडो पावलांखाली दगडासारखी कडक झालेली माती, यांची किंमत त्या भाड्यात धरलेली नसते. उत्पन्न निगेसाठी असावे. उत्पन्नासाठी निगा सोडली की मानशीचे झाले तेच बागेचे होते.

मग ही जबाबदारी कोणाची? ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हा विषय नगरपालिकांच्या कामांत स्पष्टपणे लिहिलेला आहे आणि नागरी वनीकरणाचा वेगळा उल्लेखही तिथे आहे. गोव्याची अडचण अशी की शहरासारखी झालेली बरीच वस्ती पंचायतींच्या हद्दीत आहे. पर्वरीचे किंवा ताळगावचे आजचे रूप पाहून त्यांना कोणी खेडी म्हणणार नाही, तरी तिथला कारभार पंचायतीचाच आहे. भूखंड पाडताना सोडलेल्या मोकळ्या जागा कागदावर सर्वत्र आहेत. त्यांच्यावर झाडे राखण्यासाठी जाणकार माणूस नेमण्याची कुवत एकेकट्या पंचायतीला नसते, पण चार पंचायतींनी मिळून एक प्रशिक्षित वृक्षनिरीक्षक आणि दोन माळी कायम नेमणे अशक्य नाही. ‘कायम’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. वर्षभराच्या कंत्राटावर आलेल्या माणसाला झाडाची कालची अवस्था माहीत नसते आणि उद्याशी त्याला देणेघेणे नसते. प्रत्येक झाडाची नोंदवही असावी, एप्रिलमध्ये, पावसाच्या आधी, प्रत्येक मोठ्या झाडाचे बूड, साल आणि फांद्या पाहिल्या जाव्यात, आणि काय पाहिले ते लोकांना वाचायला मिळावे. नव्या उद्यानाच्या खर्चाला मंजुरी देताना पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद त्याच ठरावात असावी. ती नसेल तर उद्यान मंजूरच करू नये, इतक्या टोकाला जायला मी तयार आहे.

याचबरोबर ‘उद्यान’ या शब्दाची व्याप्तीही वाढवावी लागेल. ओरेमच्या खाडीकाठची खारफुटी, सांतिनेजचा नाला, वस्तीला टेकलेली खाजने, सत्तरीतल्या गावांनी देवाच्या नावाने राखलेल्या राया, यांना कुंपण आणि फाटक नाही म्हणून त्या हिरव्या जागा नाहीत असे होत नाही. उधाणाच्या लाटेचा जोर खारफुटी मोडते, आणि मुसळधार पावसात खाजन पाणी सामावून घेते. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली जमिनींचे विभाग, जसे शेतीचा वस्तीत, बदलण्यासाठी केलेले नियम गोव्यातील उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले, तेव्हा मला समाधान वाटले. परंतु एकेक भात-खाचर न्यायालयात जाऊन वाचवण्याची वेळ यावी, यातच आपल्या नियोजनाचे अपयश आहे. शहराच्या आत चौरस मीटर मोजून बाग करायची आणि शहराच्या कडेला हेक्टरांनी खाजन भरायचे, या व्यवहारात नफा कोणाचा होतो हे पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर उभे राहिले की कळते.

आमच्या उद्यानात गुलमोहराच्या जागी बकुळीचे रोप लावण्यात आले. ते वाळले, मग दुसरे लावले, तेही वाळले. आता तिसरे आहे. त्याच्याभोवती पेव्हर ब्लॉकचे चौकोनी कोंडाळे आहे आणि आत हातभर माती, तीही बांधकामाच्या चुनखडीने पांढरी झालेली. भोवतीचे बारा ठोकळे काढावेत, खालची माती बदलावी आणि पहिली तीन वर्षे रोपाला पाणी घालण्याची जबाबदारी कोणाची हे लेखी ठरवावे, असा अर्ज आम्ही काही रहिवाशांनी मिळून फेब्रुवारीत दिला आहे. अर्ज ‘विचाराधीन’ आहे असे उत्तर आले. पावसाला आता फार दिवस उरलेले नाहीत, आणि ठोकळे काढायला दोन माणसांचा एक सकाळभराचा वेळ लागेल.